गेममधली स्किन आणि खिशातले पैसे: किंमत कशी वाचावी



ऑनलाइन गेममध्ये बंदुकीचा रंग, पात्राचा पोशाख, पाठीवरची पिशवी किंवा जिंकल्यावर करायचा नाच यांसाठी खरे पैसे देता येतात, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. तुमच्यापैकी अनेकांनी ते दिलेही असतील. या पाठात त्या सवयीवर उपदेश नाही. सिनेमाचे तिकीट काढणे जसे गैर नाही, तसे आवडत्या गेममध्ये शंभर रुपये खर्च करणेही गैर नाही. पण सिनेमाच्या तिकिटावर किंमत रुपयांत छापलेली असते आणि तीन तासांनी आपल्याला काय मिळाले हे कळते. गेममधल्या वस्तूच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी धूसर असतात. त्या स्पष्ट करून घेणे हा या पाठाचा हेतू आहे. त्यासाठी बारावीपर्यंतचे गणित पुरेसे आहे.

हा पाठ वाचल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी जमायला हव्यात:

(अ) गेममधल्या चलनात लिहिलेली किंमत रुपयांत मांडणे.
(आ) नशिबावर मिळणाऱ्या वस्तूचा अपेक्षित खर्च काढणे.
(इ) पैसे दिल्यावर आपल्या मालकीचे नेमके काय होते, हे सांगणे.

१. स्किन म्हणजे काय

ज्या वस्तूमुळे फक्त दिसणे बदलते, खेळाडूची ताकद बदलत नाही, तिला सजावटीची वस्तू म्हणतात. बोलीभाषेत आपण तिला 'स्किन' म्हणतो. ताकद वाढवणाऱ्या वस्तू विकल्या तर पैसेवाला जिंकतो आणि बाकीचे खेळाडू निघून जातात. म्हणून कंपन्या 'आम्ही फक्त दिसणे विकतो' असे आवर्जून सांगतात. ही रेषा नेहमी तितकी स्वच्छ नसते. फ्री फायरमधील काही बंदुकींच्या स्किनमुळे बंदुकीचे गुणधर्मही थोडे बदलतात. त्यामुळे पहिली सवय ही लावून घ्या: वस्तूचे वर्णन पूर्ण वाचा आणि ती निव्वळ सजावट आहे की आणखी काही, हे ठरवा.

या व्यापाराचा इतिहास फार जुना नाही. एप्रिल २००६ मध्ये बेथेस्डा कंपनीने 'ऑब्लिव्हियन' या गेममधील घोड्यासाठी चिलखत अडीच डॉलरला विकायला काढले. घोड्याच्या चिलखताला पैसे कसले, म्हणून खेळाडूंनी त्याची भरपूर थट्टा केली. पण कल्पना टिकली. व्हॉल्व्ह कंपनीच्या 'टीम फोर्ट्रेस २' मध्ये २००९ साली टोप्या आल्या, २०१० मध्ये त्यांचे दुकान उघडले आणि २०११ मध्ये मूळ गेमच फुकट झाला. ऑगस्ट २०१३ मध्ये त्याच कंपनीच्या 'काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह' मध्ये बंदुकींच्या स्किन आणि त्या ज्यातून निघतात त्या पेट्या आल्या. २०१७ नंतर 'फोर्टनाइट'ने पोशाख आणि नाच विकूनच प्रचंड उलाढाल उभी केली. भारतात हा अनुभव बहुतेकांना मोबाइलवर आला: आधी पब्जी मोबाइल आणि फ्री फायर, नंतर बीजीएमआय. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणलेला 'इंडस बॅटल रॉयल'ही खेळायला फुकटच आहे.

२. फुकट गेम पैसे कसा कमावतो

अर्थशास्त्रात सीमांत खर्च नावाची संकल्पना आहे. एक नग जास्त तयार करायला जो जादा खर्च येतो, तो सीमांत खर्च. मी जयपूरमध्ये शिकवतो, म्हणून इथलेच उदाहरण देतो. इथल्या 'मनिहारों का रास्ता' या गल्लीत कारागीर कोळशाच्या शेगडीवर लाख तापवून तुमच्यासमोर बांगडी घडवतात. दुसऱ्या बांगडीला पुन्हा लाख लागते, कोळसा लागतो, कारागिराचा वेळ लागतो. त्यामुळे बांगडीच्या किमतीला खालून एक आधार असतो. त्याखाली ती विकणे परवडत नाही.

स्किनचे तसे नाही. ती एकदा रेखाटायला चित्रकार आणि प्रोग्रामर लागतात. त्यानंतर दहा जणांना दिली काय किंवा दहा लाख जणांना दिली काय, जादा खर्च जवळजवळ शून्य. म्हणजे किमतीला खर्चाचा आधार नाही. मग किंमत ठरते कशावर? घेणारा जास्तीत जास्त किती देईल यावर. म्हणूनच एकाच दुकानात अगदी स्वस्त वस्तूही असते आणि हजारो रुपयांची वस्तूही असते. ज्याची जशी ऐपत आणि जशी ओढ, तशी त्याच्यासाठी पायरी तयार असते. याला मूल्यभेद म्हणतात.

आता प्रश्न असा, की निव्वळ दिसण्यासाठी कोणी पैसे का देतो? याचे उत्तर गेमच्या बाहेरही सापडते. थॉर्स्टिन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडली. काही वस्तूंचा उपयोग त्या वापरण्यात कमी आणि इतरांनी त्या पाहण्यात जास्त असतो. लग्नातला शालू आणि मोटारसायकलचा सायलेन्सर ही आपल्या ओळखीची उदाहरणे. स्किनही त्यातलीच. कोऱ्या गेममध्ये एकटे खेळताना महाग पोशाखाला फारसा अर्थ नाही. लॉबीत शंभर जण पाहणारे असले की अर्थ येतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. फुकट खेळणारा खेळाडू कंपनीसाठी निरुपयोगी नसतो. तो प्रेक्षक असतो. पैसे देणाऱ्याला ज्याच्यासमोर मिरवायचे, तो माणूस कंपनीने फुकटात जमवलेला असतो. 'साधा पोशाख घालणारा म्हणजे नवखा' अशी चेष्टा मित्रांच्या गटात होते, तेव्हा कंपनीची जाहिरात आपणच करत असतो.

३. नाण्यांच्या मागे लपलेली किंमत

बहुतेक गेममध्ये रुपये थेट खर्च होत नाहीत. आधी रुपयांत गेमचे चलन घ्यावे लागते: कुठे यूसी, कुठे डायमंड, कुठे व्ही-बक्स. मग त्या चलनात वस्तू. या मधल्या पायरीमुळे दोन गोष्टी होतात. पहिली, '१२० नाणी' हा आकडा मनाला '११९ रुपये' इतका टोचत नाही. दुसरी, नाणी ठरावीक गठ्ठ्यांतच मिळतात आणि वस्तूंच्या किमती त्या गठ्ठ्यांशी जुळत नाहीत.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १०० नाण्यांचा गठ्ठा ९९ रुपयांना आहे. तुम्हाला हवा असलेला शर्ट १२० नाण्यांचा आहे. तोंडी हिशेब सांगतो, शर्ट सुमारे ११९ रुपयांचा. पण एका गठ्ठ्यात तो येत नाही. दोन गठ्ठे घ्यावे लागतात, म्हणजे १९८ रुपये जातात आणि ८० नाणी उरतात. ही ८० नाणी परत रुपयांत बदलता येत नाहीत. ती 'वाया जाऊ नयेत' म्हणून पुढची वस्तू पाहिली जाते, ती पुन्हा १२० ची, ४० नाणी कमी पडतात, तिसरा गठ्ठा. शिल्लक शून्य केव्हा होईल? १०० आणि १२० यांचा लसावि ६०० आहे. म्हणजे सहा गठ्ठे आणि पाच शर्ट घेतल्यावर, ५९४ रुपये खर्च झाल्यावर. एका शर्टाची गरज पाच शर्टांवर कशी जाते, हे लसावि सांगतो.

नियम सोपा ठेवा: वस्तूची किंमत म्हणजे ती मिळवण्यासाठी आज खात्यातून जाणारे एकूण रुपये. उरलेली नाणी ही बचत धरू नका.

याच जोडीला घड्याळ येते. 'ऑफर संपायला २ तास', 'हा पोशाख पुन्हा येणार नाही', बॅटल पासची मुदत संपत आली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि ग्राहकाला चकवणारे १३ प्रकार नोंदवले. खोटी घाई निर्माण करणे, नकार देणाऱ्याला लाज वाटेल अशी वाक्ये लिहिणे, एकच विनंती पुन्हा पुन्हा पुढे करणे आणि हवे ते बटण ठळक ठेवून दुसरे पुसट करणे हे त्यांत येतात. पुढच्या वेळी गेमचे दुकान उघडाल तेव्हा यांपैकी किती प्रकार दिसतात ते मोजा. खऱ्या मुदतीची सूट आणि खोटी घाई यांत फरक असतो. तीच 'शेवटची संधी' महिन्याभराने पुन्हा आली, तर ती कोणत्या प्रकारात बसते हे तुम्हीच ठरवा.

४. नशिबाची पेटी

काही वस्तू थेट विकत मिळत नाहीत. पेटी उघडायची किंवा चक्र फिरवायचे. काय निघेल ते नशिबावर. बीजीएमआय खेळणाऱ्यांना एम४१६ ग्लेशियर हे नाव आठवेल. अशा वेळी दुकानात दिसते ती एका प्रयत्नाची किंमत, वस्तूची नव्हे. वस्तूची किंमत आपल्याला काढावी लागते.

चीनने १ मे २०१७ पासून अशा पेट्यांतील संभाव्यता जाहीर करणे बंधनकारक केले. त्यामुळे काउंटर-स्ट्राइकच्या तिथल्या वितरकाने आकडे प्रसिद्ध केले: सर्वांत खालची निळी श्रेणी ७९.९२ टक्के, जांभळी १५.९८, गुलाबी ३.२०, लाल ०.६४ आणि सुरी किंवा हातमोजे असलेली सोनेरी श्रेणी ०.२६ टक्के.

सोनेरी वस्तूची संभाव्यता ०.००२६. प्रत्येक प्रयत्न स्वतंत्र असेल, तर पहिले यश मिळेपर्यंत लागणारे सरासरी प्रयत्न म्हणजे १ भागिले संभाव्यता. १ ÷ ०.००२६ म्हणजे सुमारे ३८५. पेटी उघडायची एक किल्ली २.४९ डॉलरची. ३८५ किल्ल्यांचे सुमारे ९५९ डॉलर होतात. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर साधारण ८१,५०० रुपये. पेटीची किंमत यात धरलेलीच नाही.

आता महत्त्वाचा भाग. '३८५ वेळा उघडले की मिळणारच' असा याचा अर्थ होत नाही. ३८५ प्रयत्नांत एकदाही न मिळण्याची संभाव्यता म्हणजे ०.९९७४ चा ३८५ वा घात, सुमारे ०.३७. म्हणजे एवढे पैसे घालवूनही शंभरातले सदतीस जण रिकाम्या हाताने परततील. मिळण्याची संभाव्यता ५० टक्के व्हायला २६७ प्रयत्न लागतात आणि ९० टक्के व्हायला ८८५. लॉगॅरिथम वापरून हे आकडे स्वतः पडताळून पाहा.

'इतके प्रयत्न वाया गेले, आता तरी निघेल' हा विचार इथे चुकतो. पेटीला मागचे आठवत नाही. पुढच्या प्रयत्नाची संभाव्यता तेवढीच, ०.००२६. काही गेममध्ये मात्र ठरावीक प्रयत्नांनंतर वस्तू नक्की मिळेल अशी हमी लिहिलेली असते. तिथे कमाल खर्च आधीच काढता येतो: हमीचे प्रयत्न गुणिले एका प्रयत्नाची किंमत. तोच आकडा वस्तूची किंमत समजा. तो पाहून नको वाटत असेल, तर पहिला प्रयत्नही करू नका.

हा जुगार आहे का? देशोदेशी उत्तर वेगळे आहे. जपानमध्ये २०१२ साली, नशिबावर निघणाऱ्या वस्तूंचा पूर्ण संच जमवला की मोठे बक्षीस देणारी पद्धत बंद करण्यात आली. एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या गेमिंग आयोगाने काही गेममधल्या पेट्या तिथल्या जुगार कायद्यात बसतात असे ठरवले. नेदरलँड्समध्ये एका कंपनीला झालेला दंड मात्र मार्च २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने रद्द केला. भारतात संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगविषयी कायदा मंजूर केला. पैसे लावून पैसे किंवा तसाच लाभ जिंकण्याच्या अपेक्षेने खेळायचे गेम हा त्याच्या बंदीचा रोख आहे. ठरावीक किमतीला घेतलेला पोशाख त्यात सरळ बसत नाही, कारण त्यात काही लावलेले नाही आणि पैसे परत मिळण्याची अपेक्षाही नाही. पण पेटीतून निघालेली वस्तू बाजारात विकता येत असेल, तर प्रश्न नाजूक होतो. वर्गात वाद घालायला हा चांगला विषय आहे.

५. पैसे दिल्यावर आपले काय झाले

पुन्हा जयपूरच्या बाजारात जाऊ. जोहरी बाजारात घेतलेले सोन्याचे कानातले अडचणीला विकता येते, गहाण ठेवता येते. लाखेच्या बांगडीला परत विकून फारसे काही येणार नाही, पण ती फुटेपर्यंत तुमची असते. दुकान बंद पडले तरी ती हातातून जात नाही. स्किन यांपैकी कशातच बसत नाही. गेमच्या अटी वाचल्या तर तिथे सहसा 'परवाना' हा शब्द सापडतो. तुम्हाला वस्तू मिळत नाही. कंपनीच्या घरात, कंपनीच्या अटींवर, ती वापरण्याची परवानगी मिळते.

हे पुस्तकी वाटत असेल तर भारतातील तारखा पाहा. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पब्जी मोबाइलसह ११८ ॲपवर बंदी घातली. ३० ऑक्टोबरला भारतीय खेळाडूंसाठी सर्व्हर बंद झाले. त्या दिवशी लाखो खेळाडूंचे पोशाख आणि बंदुका त्यांच्यासाठी नाहीशा झाल्या. २ जुलै २०२१ ला बीजीएमआय आला आणि जुन्या खात्यातल्या वस्तू नव्या गेममध्ये नेण्याची सोय कंपनीने ठरावीक मुदतीसाठी दिली. ही सोय देणे कंपनीच्या हातात होते. पुढे जुलै २०२२ मध्ये बीजीएमआय ॲप स्टोअरमधून हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवरही बंदी आली. या सगळ्यात खेळाडूची काही चूक नव्हती, आणि निर्णयात त्याला काही विचारलेही गेले नाही.

ज्या गेममध्ये स्किन विकता येतात, तिथेही सावध राहा. स्टीमच्या बाजारात काउंटर-स्ट्राइकची वस्तू विकली तर सुमारे १५ टक्के शुल्क जाते आणि उरलेले पैसे स्टीमच्या वॉलेटमध्येच राहतात. ते बँकेत काढता येत नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हॉल्व्हने एक अपडेट आणले. पाच लाल वस्तू देऊन सोनेरी श्रेणीतली सुरी किंवा हातमोजे घेता येतील, असा नियम केला. दुर्मिळ सुऱ्यांचे भाव कोसळले आणि संपूर्ण बाजाराचे मूल्य एक-दोन दिवसांत अब्जाहून अधिक डॉलरने घसरले. दुर्मिळता निसर्गाने दिलेली नव्हती. कंपनीने प्रोग्राममध्ये लिहिलेला तो एक आकडा होता आणि कंपनीनेच तो बदलला. स्किनला 'गुंतवणूक' म्हणणाऱ्या मित्राला ही हकिकत सांगा.

६. घरातला दुसऱ्याचा फोन

तुम्ही सज्ञान आहात. तुमच्या धाकट्या भावंडांचे तसे नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईतील एका १६ वर्षांच्या मुलाने पब्जीसाठी आईच्या खात्यातून सुमारे १० लाख रुपये खर्च केल्याचे उघड झाले. घरचे रागावल्यावर तो घर सोडून गेला. पोलिसांनी त्याला शोधून परत आणले. त्याच वर्षी छत्तीसगडमधील कांकेर जिल्ह्यात एका शिक्षिकेच्या खात्यातून सुमारे ३.२२ लाख रुपये गेले. आधी ऑनलाइन फसवणूक वाटली. नंतर कळले की १२ वर्षांच्या मुलाने ते फ्री फायरमध्ये २७८ व्यवहारांत खर्च केले होते. भागाकार करा: एका व्यवहाराला सरासरी १,१६० रुपयांच्या आतच. रक्कम मोठी होती म्हणून लक्षात आली असे नाही. व्यवहार लहान होते म्हणून तीन महिने लक्षात आले नाही.

अशा वेळी मुलाला दोष देऊन थांबू नका. डिसेंबर २०२२ मध्ये फोर्टनाइटची कंपनी एपिक गेम्सने अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करून ग्राहकांना परत देण्यासाठी २४.५ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. वस्तू नुसती पाहायला गेले तरी एका बटणाने खरेदी होत होती, अशा रचनेवर आयोगाचा आक्षेप होता. पडद्याची रचना हाही अभियांत्रिकीचाच विषय आहे. उद्या तुमच्यापैकी कोणी असेच बटण कुठे ठेवायचे हे ठरवणार आहे.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ११ नुसार अज्ञान व्यक्ती करार करण्यास पात्र नाही, आणि मोहोरी बीबी खटल्यात (१९०३) असा करार मुळातच रद्दबातल ठरवला गेला. त्यामुळे मुलाने केलेल्या खरेदीविषयी परताव्याची मागणी करायला आधार आहे. पण वेळ दवडू नका. गूगल प्लेवरील खरेदीसाठी ४८ तासांच्या आत परताव्याची विनंती करता येते. त्यानंतर गेमच्या कंपनीकडे लेखी तक्रार, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. कोणी 'स्वस्तात यूसी देतो' किंवा 'खाते विकतो' म्हणून पैसे उकळले असतील, तर सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच कळवा. आणि आजच एक काम करा: घरातल्या फोनवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सेटिंग ठेवा. ते काम आई-वडिलांना जमत नसेल, तर तुम्हीच करून द्या.

७. खरेदीपूर्वी चार प्रश्न

(१) आज माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जाणार?
(२) वस्तू नक्की मिळणार की नशिबावर? नशिबावर असेल तर अपेक्षित आणि कमाल खर्च किती?
(३) उद्या हा गेम बंद झाला, तर या पैशांचा मला पश्चात्ताप होईल का?
(४) हे पैसे कोणाचे आहेत? माझ्या मौजेसाठीचे, की मेसचे, फीचे, घरून परीक्षेच्या अर्जासाठी आलेले?

चारही उत्तरे समाधानकारक असतील तर खुशाल घ्या आणि मजेत खेळा. चौथे उत्तर अडखळत असेल, तर महिन्याची एक रक्कम आधी ठरवा आणि ती संपली की दुकान बंद.

सराव प्रश्न

१. (काल्पनिक) ६० नाण्यांचा गठ्ठा ७५ रुपयांना आहे. वस्तू १५० नाण्यांची आहे. प्रत्यक्ष खर्च आणि शिल्लक नाणी काढा. (उत्तर: २२५ रुपये, ३० नाणी)

२. (काल्पनिक) एका चक्राची किंमत ४० रुपये आणि हव्या त्या पोशाखाची संभाव्यता २ टक्के आहे. अपेक्षित खर्च किती? तेवढा खर्च करूनही पोशाख न मिळण्याची संभाव्यता किती? (उत्तर: २,००० रुपये, सुमारे ०.३६)

३. तुमच्या फोनवरील कोणत्याही एका गेमच्या अटी उघडा. 'परवाना', 'परतावा' आणि 'सेवा बंद करणे' याविषयी त्यात काय लिहिले आहे, ते स्वतःच्या शब्दांत पाच ओळींत लिहा.

४. गेमच्या दुकानाचा असा पडदा रेखाटा, की ज्यात कंपनीला पैसे मिळतील आणि ग्राहक फसणारही नाही. किंमत कुठे, कोणत्या चलनात आणि केवढ्या अक्षरात दाखवाल?